आई परदेशी कामाला, लेकरं गावी : खान्देशातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशाला पोटासाठी गाव सोडणं नवं नाही. ऊसतोडीला टोळ्या जातात, सुरतेत तर गल्लीच्या गल्ल्या आपल्याच माणसांच्या. पण त्या कामाला जोडपं जातं, लेकरू बऱ्याचदा सोबत असतं, आणि मागे राहिलंच तरी पावसाच्या तोंडाला आई घरी येते. कुवेत, दुबई, मस्कत किंवा इस्रायलला घरकामाला, रुग्णसेवेला, नर्सिंगला गेलेल्या बाईचं तसं नसतं. करार बहुतेक दोन वर्षांचा आणि व्हिसा तिच्या एकटीचा. मागच्या घराने काय करायचं, हे सांगणारं शेजारीपाजारी कोणी नसतं, कारण आपल्याकडे अशी घरं अजून तुरळक आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं खाली दिली आहेत.

मूल केवढं झाल्यावर आईने जावं?

कायदा मुलाचं वय विचारत नाही, तो आईचं वय विचारतो. दहावी न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर परवानगी आवश्यक असा शिक्का असतो. तिला आखाती देशांसह १८ ठराविक देशांत कामाला जायचं तर वय किमान ३० लागतं. श्रीलंकेने २०१३ मध्ये ५ वर्षांखालचं मूल असलेल्या आईला घरकामासाठी जायला बंदी घातली होती. आपल्याकडे तसा नियम नाही, म्हणजे विचार घरानेच करायचा.

आमचं मत विचाराल तर बाळ ६ महिन्यांचं होईपर्यंत जाऊ नये, याला पर्याय नाही. एक ते अडीच वर्षांचा काळ सगळ्यात नाजूक. मूल माणूस ओळखतं, पण ‘परत येणार’ हे त्याला कळत नाही. तीन वर्षांनंतर त्याला सांगता येतं, ते विचारतं, रागावतं. त्यामुळे सांभाळणं सोपं होत नाही, पण शक्य होतं. मुलगी ११ ते १४ ची असेल तर ‘आता मोठी झाली, राहील’ असं धरून चालू नका. त्या वयात तिला आईची गरज वेगळी असते. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

लेकरू कोणाकडे ठेवायचं? घरात आजी, काकू, आत्या सगळ्या आहेत.

सगळ्या आहेत, अडचण तिथेच सुरू होते. एकत्र घरात आजीला वाटतं काकूने जेवू घातलं असेल, काकूला वाटतं आजीने. ताप आला की दवाखान्यात कोणी न्यायचं यात संध्याकाळ होते. म्हणून जाण्याआधी चारचौघांत एकीचं नाव ठरवा. मदत सगळ्यांनी करावी, पण ‘आज पोऱ्याने काय खाल्लं’ याचं उत्तर देणारी एकच हवी. तिच्यासोबत दुसरं नाव राखीव ठेवा, कारण आजीलाही मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जावं लागतं.

माणूस निवडताना नात्यापेक्षा तीन गोष्टी बघा. एक, ती रात्री मुलाजवळ झोपणार आहे का? दोन, तिच्या अंगात बळ आहे का? गुडघे धरलेल्या आजीला दीड वर्षाचं धावरं पोरगं विहिरीकडे निघालं तर धरता येत नाही. तीन, तिला पैसे मागायला लाज वाटते का? लाजरी बाई मुलाचं औषध संपलं तरी आईला कळवत नाही, दिवस ढकलते. आजीचं वय ६५ च्या पुढे आणि मूल ३ च्या आत असेल, तर दिवसातले काही तास घ्यायला पगारी बाई ठेवा. आई जे पाठवते त्यातला हा सगळ्यात योग्य खर्च आहे.

मामाकडे की काकाकडे, हा वाद प्रत्येक घरात होतो. मुलाची शाळा जिथे आहे तिथे ठेवणं बहुतेक वेळा बरं. आई, घर आणि शाळा ही तिन्ही एकाच महिन्यात सुटली तर मोठा माणूसही कोलमडेल.

सोपवणी कशी करायची?

निदान सहा आठवडे आधी सुरू करा. पहिले दोन आठवडे अंघोळ आणि जेवण सांभाळणारीच्या हातून, आई जवळ बसून. पुढचे दोन आठवडे दुपारची झोप तिच्याकडे. मग रात्रीची झोप. शेवटच्या दोन आठवड्यांत आईने आधी एक रात्र, मग दोन-तीन रात्री माहेरी किंवा दुसऱ्या गावी राहावं आणि सांगितलेल्या वेळी परत यावं. ‘गेलेली आई येते’ हा अनुभव मुलाला इथेच मिळतो, तो नंतर कामाला येतो.

सोबत एक वही द्या. मूल कशाला घाबरतं, कोणत्या अंगावर झोपतं, पोट बिघडलं की आधी काय दिसतं, कोणती भाजी थुंकून टाकतं, कोणत्या औषधाने पुरळ आलं होतं, रक्तगट, शेवटचं वजन. आईच्या डोक्यात हे सगळं असतं आणि तिच्यासोबत विमानात बसून निघून जातं.

अंगावर पिणारं बाळ कसं तोडायचं?

मिरची किंवा कडुलिंबाचा पाला लावून एका दिवसात तोडायचं आणि त्याच आठवड्यात निघायचं, हे करू नका. बाळाला दूध गेल्याचा आणि आई गेल्याचा धक्का एकदमच बसतो, आणि आईच्या छातीत गाठी होऊन ताप येतो तो वेगळाच. दर तीन-चार दिवसांनी एक वेळचं पाजणं कमी करा, आधी दुपारचं, सगळ्यात शेवटी रात्रीचं. साधारण महिना लागतो. छाती दगडासारखी झाली तर थोडंसं दूध पिळून काढा, पूर्ण रिकामी करू नका, नाहीतर दूध आणखी येतं.

वर्षाच्या आतल्या बाळाला वरचं दूध कोणतं, हे डॉक्टरला विचारूनच ठरवा. डब्याचं दूध देत असाल तर डब्यावर लिहिलेलं प्रमाण मोडू नका. बहुतेक डब्यांत ३० मिली उकळून कोमट केलेल्या पाण्याला एक सपाट चमचा असतो, आणि तोही त्याच डब्यातला. डबा महाग म्हणून पातळ करणं ही खेड्यात नेहमी दिसणारी चूक आहे. बाळ पोटभर पितं आणि वजन मात्र घटत जातं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, कारण बाटलीचं बूच नीट उकळलं जात नाही आणि हगवण तिथूनच येते.

दूध भरपूर पितं, मग जेवत का नाही?

दूध भरपूर पितं म्हणूनच. आई गेल्यावर आजीचा जीव तुटतो आणि रडलं की बाटली, झोपलं की बाटली सुरू होते. म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतं. वर्षावरच्या मुलाने दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त दूध प्यायलं तर भाकरीला जागा उरत नाही, मूल फिकट आणि चिडचिडं होतं. ‘आईच्या आठवणीने खंगलं’ म्हणतात, आणि रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी निघतं.

मापं सोपी आहेत. पाव लिटरची वाटी धरा. ६ ते ८ महिन्यांत अर्धी वाटी घट्टसर अन्न, दिवसातून दोन-तीन वेळा. ९ ते ११ महिन्यांत अर्धी वाटी तीन-चार वेळा. वर्ष झाल्यावर पाऊण ते एक वाटी तीन-चार वेळा, मध्ये एक-दोनदा खाऊ. अंगावरचं दूध बंद झालेल्या बाळाला यावर आणखी एक-दोन वेळा लागतं. वरणाचं नुसतं पाणी म्हणजे अन्न नाही. वरणात भाकरी कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप. कळण्याची भाकरी दुधात मऊ केली तर लहान मूल आवडीने खातं, उडदामुळे ताकदही मिळते. केळी आपल्याकडे वर्षभर आहे, अंडं चालत असेल तर रोज एक. आजीने शेवभाजीचा रस्सा भरवू नये, मूल मागत असलं तरी.

महिन्यातून एकदा अंगणवाडीत वजन आणि दंडाचा घेर बघून घ्या. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाच्या दंडाची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या आत आली, म्हणजे लाल पट्ट्यात, तर ते तीव्र कुपोषण आहे. ‘घरची हाडंच बारीक’ म्हणून सोडू नका, आरोग्य केंद्रात न्या. तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात.

लसी आणि आजारपणाचं कोण बघणार?

लसींचं कार्ड आईच्या पेटीत कुलूपबंद राहतं, हे पहिलं टाळा. कार्ड सांभाळणारीकडे, त्याचा फोटो आईच्या फोनमध्ये. आई गेल्यावर हमखास चुकतात त्या उशिराच्या लसी : १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर, ५ ते ६ वर्षांना बूस्टर, १० आणि १६ वर्षांना धनुर्वात-घटसर्पाची. अ जीवनसत्त्वाचा डोस ९ महिन्यांना सुरू होतो आणि ५ वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असतो. आशाताईला घरी बोलावून ‘आता याची जबाबदारी हिच्याकडे’ असं सांगून ठेवा, म्हणजे ती निरोप योग्य दारात देते.

जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात अंदाजाने घालायचं नाही, मीठ वाढलं तर उलटा त्रास होतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्यावरच्याला १०० ते २०० मिली, घोट घोट. उरलेलं २४ तासांनी फेका. सोबत झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, १४ दिवस. २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी झिंक पूर्ण करा. डोळे खोल गेले, लघवी सहा तास नाही, रक्त पडतंय किंवा मूल पाणीही घेत नाही, तर घरी थांबू नका.

तापाच्या औषधात घोटाळा होतो तो बाटल्यांमुळे. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं, एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅम, सहा-सहा तासांनी. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. पण ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते ६ मिली होतात, ५ मिलीत २५० असलेल्याचे ३ मिली, आणि १ मिलीत १०० असलेल्या थेंबांचे फक्त दीड मिली. मागच्या वेळी एक बूच दिलं होतं म्हणून याही वेळी एक बूच, यातून डोस दुप्पट होतो. घरात एकच ताकदीची बाटली ठेवा आणि तिच्यावर मार्करने मुलाचं नाव आणि मिली लिहा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर औषध घरी द्यायचंच नाही, सरळ दवाखाना.

आजीच्या बीपी-साखरेच्या गोळ्या उशीखाली असतात, त्या फळीवर जाऊ द्या. कपाशीच्या फवारणीचे डबे घरात नकोतच, आणि रिकाम्या बाटलीत कधी पाणी भरू नका. मुलाने विषारी काही प्यायलं तर ओकारी काढायला लावू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या, डॉक्टरला तिच्यावरचं नाव लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी मुलांना झोपवू नका, मंदिराचा ओटा किंवा शेजारचं धाब्याचं घर परवडलं.

जाण्याआधी कागदपत्रांची काय तयारी हवी?

आधी मोबाईल नंबर. आधार, बँक, शाळा, अंगणवाडी, सगळीकडे आईचा नंबर असतो आणि ओटीपी तिच्या सिमवर येतो. सिम सोबत नेलं की इथली कामं अडतात, आणि ९० दिवस वापर नसला तर कंपनी नंबर बंद करू शकते. ते सिम घरच्या साध्या फोनमध्ये ठेवा, रिचार्ज चालू ठेवा. बँकेचा नंबर मात्र आईच्याच ताब्यात राहील अशी सोय करा. अंगणवाडीतून टीएचआर (घरी न्यायचा पूरक आहार) घेताना चेहरा किंवा ओटीपीने ओळख पटवावी लागते, म्हणून नोंद सांभाळणारीच्या नावे बदलून घ्या. ५ वर्षांखालच्या मुलाचं आधार आई-वडिलांच्या आधारवर निघतं, ते आधीच काढा. ५ व्या आणि १५ व्या वर्षी बोटांचे ठसे द्यावे लागतात, तो महिना वहीत लिहून ठेवा. रेशन दुकानात मुलांची ई-केवायसी झाली का तेही बघा.

मग संमतीपत्र. मुद्रांकावर, नोटरीसमोर, आई आणि वडील दोघांच्या सहीने : अमुक मुलाला दवाखान्यात नेणं, उपचाराला संमती देणं, शाळेत दाखल करणं, प्रवासाला नेणं हे अधिकार अमुक बाईला दिले आहेत. तीन प्रती, एक शाळेत. या कागदाने ती कायदेशीर पालक होत नाही, पण रात्री ११ वाजता सिव्हिलमध्ये ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला उत्तर मिळतं. वडील गावात असतील तर नैसर्गिक पालक तेच. आई विधवा किंवा टाकलेली असेल आणि मालमत्तेचा, पासपोर्टचा किंवा भांडणाचा प्रश्न असेल, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून पालक नेमून घेता येतो. त्याला वेळ लागतो, म्हणून जाण्याच्या वर्षभर आधी वकिलाला भेटा.

तिसरी आईची स्वतःची फाईल. पासपोर्ट, व्हिसा, कराराची प्रत, मालकाचं नाव, तिथला पत्ता आणि फोन, एजंटचा परवाना क्रमांक, विमा पॉलिसी. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते बघा. त्याला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी १० लाखांचं संरक्षण आहे, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५. ‘आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे बदलून देतो’ म्हणणारा एजंट याच सगळ्यातून तिला बाहेर काढत असतो. वारस म्हणून कोणाचं नाव लिहिलं ते घरात दोघांना माहीत असू द्या.

लेकराला काय सांगायचं?

खरं सांगायचं. ‘दुकानात जाऊन येते’ म्हणून निघालेली आई दोन वर्षं आली नाही, तर पुढे आजी दुकानात निघाली तरी मूल पदर सोडत नाही. झोपेत असताना निघू नका. रडेल, रडू द्या, पण त्याच्या डोळ्यांदेखत निरोप घ्या.

दोन वर्षं म्हणजे किती, हे लहानाला सणांवरून कळतं : दोन पोळे, दोन कानबाई, दोन दिवाळ्या, आणि दुसऱ्या आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) आई. भिंतीवरच्या कॅलेंडरवर हे दिवस रंगवा. तारीख पक्की नसेल तर ती सांगू नका, ‘दिवाळीच्या आसपास’ म्हणा. आखाजीचे दिवस अवघड जातात. सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि या घरची येत नाही. त्या दिवशी फोनची वेळ आधीच मागून घ्या. मुलाला मामाच्या गावी पाठवायचं तर सांभाळणारीही सोबत जाऊ द्या, निदान पहिल्या वर्षी.

फोन किती वेळा, कधी आणि काय बोलायचं?

कुवेत, सौदी आणि कतारचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई आणि मस्कतचं दीड तास. आखाती घरांत दुपारच्या जेवणानंतर ३ ते ५ थोडी उसंत असते. कुवेतमधले ३ म्हणजे आपले साडेपाच, दुबईतले ३ म्हणजे साडेचार. मूल शाळेतून आलेलं असतं, ही वेळ जमते. रात्री १० ला आपल्याकडे पोरं पेंगलेली असतात आणि तिकडे आई रात्रीच्या स्वयंपाकात, तेव्हाचे फोन दोघांनाही वैतागवतात. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही, बॉटिम हे अ‍ॅप चालतं. जाण्याआधी ते दोन्ही फोनमध्ये टाकून एकदा वापरून बघा.

‘रोज फोन करेन’ असं वचन देऊ नये. मालकीण फोन काढून ठेवते, रमजानमध्ये तर कामाचा दिवस-रात्र हिशेब राहत नाही. आठवड्याचे दोन दिवस ठरवा आणि ते पाळा. बाकी दिवशी झोपेच्या वेळी ऐकवायला मिनिटभराचा आवाजी निरोप, रोज त्याच शब्दांनी सुरू होणारा. तीन वर्षांच्या मुलाला तो कॉलपेक्षा जास्त कळतो. त्याला चार-पाच मिनिटांपुढे स्क्रीनसमोर बसवू नका, पळालं तर पळू द्या, फोन तिथेच ठेवून खेळताना दिसू द्या.

‘जेवला का? अभ्यास केला का?’ एवढ्यावर संभाषण मरतं. आईला काल काय झालं ते सांभाळणारीने आधी कळवावं, म्हणजे ती विचारू शकते, ‘काळ्या कुत्रीला पिल्लं किती झाली?’ मुलासमोर स्पीकर लावून ‘बघ तुझा पोऱ्या ऐकत नाही’ ही तक्रार नको, आणि पैशाचं बोलणंही त्याच कॉलवर नको. मूल समजतं की आई फक्त रागवायला आणि पैशाला फोन करते.

पैसे कोणाच्या खात्यावर पाठवायचे?

एकाच माणसाच्या खात्यावर सगळे नकोत, मग तो नवरा असो की भाऊ. हे अविश्वासाने म्हणत नाही. घराला कर्ज असतं, बोअर आटतो, बियाणं घ्यायचं असतं, आणि समोर आलेला पैसा तिकडे वळतो. मुलाच्या वाटणीचा वेगळा काढा : सांभाळणारीच्या खात्यावर महिन्याच्या ठराविक तारखेला, तिच्या हातखर्चासह. शाळेची फी थेट शाळेच्या खात्यावर. आईने स्वतःच्या नावे एनआरई खातं (परदेशातली कमाई ठेवायचं बँक खातं) उघडावं आणि उरलेलं तिथे ठेवावं. परदेशी राहायला गेल्यावर जुनं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या खात्यात बदलून घ्यावं लागतं, हे बरेच जण विसरतात. सुकन्या समृद्धी खातं मुलगी १० वर्षांची होण्याआधी, आई-वडील किंवा कायदेशीर पालकाच्या नावेच उघडतं. आजीच्या नावे चालत नाही, म्हणून जाण्याआधी उघडा.

हुंडीने, म्हणजे बँकेबाहेरून, पैसे पाठवू नका. दोन रुपये भाव जास्त मिळतो, आणि बुडाले तर तक्रार करायला कागद नसतो.

मोठी मुलगी आहे, ती धाकट्यांना बघेल ना?

बघेल, आणि तिची शाळा सुटेल. सुरुवात कपाशी वेचणीच्या दिवसांत होते. मोठी माणसं शेतात, आजी थकलेली, म्हणून दहा-बारा वर्षांची पोरगी ‘चार दिवस’ घरी राहते. गणितात मागे पडते, मग तिलाच जावंसं वाटत नाही. हजेरी हा एकच आकडा धरून बसा. वर्गशिक्षकांना आईचं परदेशी जाणं सांगा, सांभाळणारीचा नंबर द्या, आणि महिन्यातून दोनदा हजेरी विचारा. तिला काम सांगायचंच तर वेळ बांधून : संध्याकाळी धाकट्याला अर्धा तास खेळवणं चालेल, सकाळचा स्वयंपाक नको.

पहिली पाळी बहुतेक ११ ते १४ मध्ये येते. ती कोणी समजावायची त्या बाईचं नाव आईने जाण्याआधी ठरवावं आणि मुलीला सांगावं. मावशी, आशाताई, शिक्षिका, कोणीही, पण एक.

‘आई नाही, लवकर उजवून टाकू’ असं घरात म्हणतात.

१८ च्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, मग मुलीची संमती असो वा आईची. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. नाव न सांगता १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावरही कळवता येतं. आईने निघताना भावाला, दिराला आणि मुलीच्या शिक्षिकेला ‘माझ्या पश्चात लग्नाची बोलणी नकोत’ असं स्पष्ट सांगून जावं, जमल्यास लेखी.

झोपण्याची जागा हाही बोलायचा विषय आहे, मुलगा असो की मुलगी. ते कोणाजवळ झोपतं, अंघोळ कोण घालतं, कोणाच्या गाडीवर जातं, हे ठरलेलं असावं. एखाद्या माणसाकडे जायला मूल अचानक नकार देऊ लागलं तर जबरदस्ती करू नका, एकट्यात विचारा. काही घडल्याचं कळलं तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘घरातली गोष्ट’ म्हणून मिटवणारा स्वतः अडचणीत येतो.

अंथरूण ओलं करायला लागलंय, चिडतंय. नजर लागली का?

दृष्ट काढायची तर काढा, पण मारू नका आणि चारचौघांत लाजवू नका. सुटलेली सवय परत येणं, नखं खाणं, बोबडं बोलणं, आजीला चिकटून राहणं हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत नेहमीचं आहे. झोपण्याआधी दोन तास पाणी कमी, रात्री एकदा उठवणं, आणि सकाळी न बोलता चादर बदलणं पुरतं.

गप्प बसणाऱ्या मुलाची काळजी जास्त करा. ‘किती शहाणं झालं, आईचं नावही काढत नाही’ हे कौतुक नाही. खाणं, झोप किंवा खेळ तीन आठवड्यांहून जास्त सुटला, वजन घटलं, किंवा मोठं मूल ‘मरून जावं’ असं बोललं तर लगेच दाखवा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात घातलं तर?

धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरकडची बरीच घरं हा मार्ग धरतात, आणि सांभाळायला खरोखर कोणी नसेल तर तो वाईट नाही. फक्त आई निघते त्याच महिन्यात नको. एक सत्र आधी घाला, म्हणजे आई दर महिन्याला भेटायला येऊ शकते. पाचवीच्या खालचं मूल शक्यतो घरीच ठेवा. शाळा बदलताना दाखला मिळाला नाही म्हणून आठवीपर्यंतचा प्रवेश कोणी नाकारू शकत नाही, शिक्षणहक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे.

सरकारी मदत मिळते का?

आई परदेशात आहे एवढ्यावर नाही. वडील वारले असतील, सोडून गेले असतील, तुरुंगात किंवा गंभीर आजारी असतील तर बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, निर्णय बालकल्याण समितीचा. आईची मिळकत विचारतील, लपवू नका.

आईचा फोन पंधरा दिवस बंद आहे. कुठे विचारायचं?

पंधरा दिवस वाट बघायची नव्हती. ठरलेले सलग दोन दिवस फोन आला नाही तर मालकाच्या नंबरवर आणि एजंटला फोन करा, बोलणं लिहून ठेवा. तरी पत्ता नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा १८०० ११ ३०९० वर बोला. पासपोर्ट क्रमांक आणि मालकाचा पत्ता विचारतात, म्हणूनच ती फाईल. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं कुवेतमध्येही बेकायदेशीर आहे. २०१५ च्या तिथल्या घरकामगार कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम ठरलं आहे. मुलांना यातलं किती सांगायचं? ‘आईचा फोन बिघडलाय, आम्ही शोधतोय’ एवढं पुरे, पण ‘काही झालं नाही’ असं म्हणू नका. त्यांना घरातली कुजबुज कळते.

सुट्टीवर आलेल्या आईजवळ मूल जात नाही.

दोन वर्षांचं सोडून गेलेलं चार वर्षांचं झालं आहे. ते आजीला ‘माय’ म्हणतं आणि आईकडे दाराआडून बघतं. यात आजीचा दोष नाही आणि कोणी शिकवलेलंही नाही. आईने पहिल्या दिवशी उचलून घेण्याची घाई करू नये. जेवण आणि झोप आजीकडेच राहू द्या, आईने आधी खेळ घ्यावा, मग अंघोळ, मग शाळेत सोडणं. झोप सगळ्यात शेवटी, मूल स्वतः येईल तेव्हा. बॅगेतली सगळी खेळणी पहिल्या संध्याकाळी काढू नका. शिस्तीचे नियमही आल्या आल्या बदलू नका, आजी काय देते आणि काय नाही ते आठवडाभर बघा. दहा-बारा वर्षांचं मूल रुसून बसेल, तोंडावर ‘कशाला आली’ म्हणेल. ऐकून घ्या.

परत जायचं असेल तर तिकिटाची तारीख निदान पंधरा दिवस आधी मुलाला सांगा, आणि शेवटच्या आठवड्यात रात्रीची झोप पुन्हा आजीकडे सरकवा. मुंबईच्या विमानतळावर लहानांना नेऊ नका. मुंबईपर्यंतच्या गाडीत रात्रभर जागून, तिथे गर्दीत हात सुटतो आणि मूल परतीच्या वाटेवर आजारी पडतं. निरोप घरच्या ओट्यावर, दिवसा घ्या. संध्याकाळी मुलाला नेहमीच्या वेळी जेवू घाला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवा.